आमचे व्याही मजेत आहेत

आमच्या व्याह्यांइतका सुखी माणूस अलिबागेकडच्या अख्ख्या अष्टागरात दुसरा नसेल, आणि सुखी माणसाचा इतका संताप येऊ शकतो हेही मला त्यांच्यामुळेच कळलं. दुःखी माणसाचं एक बरं असतं. त्याला धीराचे दोन शब्द सांगावेत, चहा पाजावा आणि आपण आपल्या घरी यावं. या सुखी माणसाचं करायचं काय? कधीही विचारा, "काय व्याही, कसं काय?" उत्तर ठरलेलं : "मजेत!" मागल्या वर्षी बंदरावर पाय घसरून पडले, पाय मोडला, प्लास्टर घालून पलंगावर पडले होते. मी चेहरा शक्य तितका लांब करून भेटायला गेलो. तर म्हणतात, "मजेत! अहो, या खिडकीतून शेजारच्या फणसावरची खार दिसते. हिंडताफिरता होतो तेव्हा कधी दिसली नव्हती." मी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. पण मोडलेला पाय अधिक खार बरोबर मजा, हे गणित मला आजतागायत सुटलेलं नाही.

व्याही म्हणजे माझ्या लेकीचे सासरे. लेक आणि जावई पुण्याला. विहीणबाई लग्नाआधीच गेल्या, त्यामुळे रेवदंड्याच्या घरात हे एकटेच. आम्ही नवराबायको नागावला. मध्ये काय ते चौल. मिनीडोर रिक्षात बसलं की गुडघे मोडायच्या आत माणूस पोचतो. एवढ्या जवळ व्याही असू नये असं जुने लोक म्हणत, ते उगाच नाही. कारण व्याही ही काय साधीसुधी असामी आहे का? व्याही यायचे म्हटलं की घर झाडावं, ठेवणीतली ताटं काढावीत, गोडधोड करावं, त्यांनी "पुरे, पुरे" म्हणावं, आपण "छे छे, काहीच घेतलं नाहीत" म्हणावं. याला रीत म्हणतात. लग्नानंतर हे पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आले तेव्हा आमच्या हिने पहाटेपासून खपून पुरणपोळ्या केल्या होत्या. मी इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या दारात उभा. उभा आहे, उभा आहे, व्याह्यांचा पत्ता नाही. आत जाऊन बघतो तर वाडीतून मागच्या दाराने शिरून गृहस्थ स्वयंपाकघरात पाटावर बसलेले आणि हिला विचारतायत, "वहिनी, कालची आमटी उरलीय का हो? मुरलेली?" आमटी होती. सुकटीची चटणीही होती. सकाळची भाकरी होती. माझ्या मुलीच्या सासऱ्याने पहिल्या जेवणाला शिळी आमटी नि सुकटीची चटणी बोटं चाटूनपुसून खाल्ली, आणि पुरणपोळ्या पुडक्यात बांधून मागितल्या. "या मला उद्या लागतील," म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजाऱ्यांनी पाहिलं असतं तर? मी हे बोलून दाखवलं तर आमची ही माझ्यावरच उलटली. "इतक्या वर्षांत तुम्ही कधी माझी कालची आमटी मागितलीत का?" त्या दिवसापासून ती फितूर आहे.

त्यांच्याबरोबर प्रवास करणं ही तर शिक्षा आहे. लेकीला दिवस राहिले तेव्हा पालीच्या गणपतीला जाऊन यावं असं माझ्या मनात आलं. गाडी ठरवली, वेळ आखली, डबा घेतला. चूक एवढीच केली की यांनाही बोलावलं. पोयनाडच्या अलीकडे रस्त्याकडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसल्या. झालं! "थांबव रे, थांबव." अहो, गणपतीला निघालोय, कांदे कसले घेताय? तर म्हणतात, "देवाला नकोत, मला हवेत." माळ घेऊन मांडीवर ठेवली. पुढे वडखळला चहा. त्याच्यापुढे एका टपरीवर वडे तळायला टाकलेले दिसले म्हणून परत थांबलो, आणि तिथे एका ट्रकवाल्याशी यांचं असं जमलं की तो त्याच्या मुलीच्या लग्नाचं आमंत्रण देऊन गेला. मी घड्याळ बघतोय, घामाघूम होतोय. शेवटी तोंडातून गेलं, "व्याही, आपल्याला पालीला पोचायचंय!" तर शांतपणे म्हणाले, "पाली कुठे पळून जातेय? वडा मात्र निवेल." पोचलो ते टळटळीत उन्हात. रांग देवळाबाहेर आलेली. मला वाटलं, आता तरी ओशाळतील. छे! रांगेतल्या मागच्या बाईंकडून त्यांनी आंबोळ्यांची कृती शिकून घेतली. आणि लग्नाला गेले हो ते! त्या ट्रकवाल्याच्या मुलीच्या लग्नाला. आहेर घेऊन गेले आणि मला पंगतीचं वर्णन ऐकवायला संध्याकाळी मुद्दाम नागावला उतरले.

पुस्तकांचं तर विचारूच नका. माझ्याकडे एक कपाट भरून पुस्तकं आहेत, सगळी खाकी कव्हर घातलेली. व्याही पुस्तक नेतात आणि वाचतात. वाचतात म्हणजे जेवताना वाचतात, झोपाळ्यावर वाचतात, बंदरावर होडीच्या सावलीत बसून वाचतात. परत येतं तेव्हा पुस्तकाला माशांच्या कालवणाचा वास असतो. तोही मी सहन केला असता. पण हा माणूस पुस्तक संपवत नाही! शेवटची थोडी पानं राहिली की मिटून ठेवतो. का? तर म्हणे, "आवडलं ना. संपवलं की संपलंच. आता ती माणसं तिथे आहेत अजून, आपापलं करतायत." अहो, पण खून कुणी केला हे तरी बघाल की नाही? "तुम्ही बघा. आणि मला सांगू नका." आता मला सांगा, शेवट ठाऊक असलेल्या माणसाने शेवट न वाचलेल्या माणसाशी पुस्तकाबद्दल बोलायचं तरी काय? आणि गंमत अशी की तासन् तास तेच बोलतात आणि मी ऐकत बसतो.

एकदा रविवारी दुपारी मी ओटीवर जरा लवंडलो होतो. फाटकातून नखशिखांत भिजलेली टोळी आत आली. पुढे आमचे व्याही, ओला लेंगा पिळत, आणि मागे मुंबईची कॉलेजातली पाचसहा मुलंमुली. व्याही नागावच्या किनाऱ्यावर त्या केळ्यासारख्या फुगवलेल्या होडीवर बसले होते. या वयात! कुणी ओळखीदेखीचं नसताना! एक जागा रिकामी होती म्हणून होडीवाल्याने विचारलं आणि हे बसले. त्या होडीवाल्याला मी सातवीत गणित शिकवलंय. होडीने सगळ्यांना पाण्यात उलटवलं, तिथे दोस्ती झाली आणि वरात आमच्याकडे. "या रे, लाजू नका, माझ्या व्याह्यांचं घर आहे. आपलंच समजा." त्या पोरांनी ते अक्षरशः समजलं. हिने कांदेपोहे केले. एक मुलगी मला "अंकल, तुम्ही एवढे सीरियस का?" असं विचारून गेली.

तर असा हा माणूस पाय मोडून पडला, आणि प्लास्टर निघाल्यावर लेकीचा फोन आला. "बाबा, त्यांना आता एकटं ठेवायचं नाही असं आम्ही ठरवलंय. इकडे पुण्याला यायचं, कायमचं. पण आम्ही विषय काढला की ते हसण्यावारी नेतात. तुम्ही समजावा ना. तुमचं ऐकतील." मला पटलं. पटण्यासारखंच होतं. बंदरावर पुन्हा पडले आणि कुणाच्या लक्षात आलं नाही, तर? मी मुद्दे काढले. ते काय काय म्हणतील आणि मी त्यावर काय काय म्हणेन, सगळी तयारी केली आणि रेवदंड्याला गेलो.

थंडीचे दिवस होते आणि व्याह्यांच्या वाडीत पोपटी लावायचं चाललं होतं. आमच्याकडे थंडी म्हणजे पोपटी. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, वालाच्या शेंगा, बटाटे, वांगी, अंडी मीठओवा लावून भरायची, तोंडाशी पुन्हा पाला कोंबायचा आणि मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती पेंढा नि काटक्या पेटवायच्या. एकदा जाळ लागला की मडक्याला हात लावायचा नाही. वरून पाण्याचे थेंब उडवून चर्र आवाज आला की समजायचं, झालं. तोवर भोवती बसून गप्पा मारायच्या. खरी पोपटी तीच, असं व्याह्यांचं मत. त्यांची मित्रमंडळी फाटकाशी कुणाची तरी नवी मोटारसायकल बघत होती. दिवस मावळतीला आला होता. जाळापाशी आम्ही दोघेच. मी घसा खाकरला आणि बोललो. पाय, वय, एकटेपणा, नातू, डॉक्टर, सगळं बोललो. आवाजही चांगला लागला होता.

व्याह्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जातो की. पुढच्या महिन्यात जातो."

"जातो म्हणजे?"

"पुण्याला. तुम्ही म्हणताय ते बरोबर आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. "अहो, असं कसं जाता? हे घर, ही वाडी, हे बंदर? हे मित्र? पुण्यात काय आहे? सहाव्या मजल्यावर काय शेंगा भाजणार आहात?"

"पण तुम्हीच सांगायला आलात ना?"

"मी सांगायला आलो होतो! तुम्ही ऐकावं असं कुठे म्हटलं होतं?"

हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत. काठीने जाळ सारखा करत म्हणाले, "व्याही, त्याची आई गेली तेव्हासुद्धा पोराने मला कधी काही मागितलं नाही. आता म्हणतो, बाबा, या. नाही कसं म्हणू?"

उत्तर नसलं की माझे हात चालतात. मी त्यांच्या हातातली काठी हिसकावली आणि भर जाळातलं मडकं दिलं ढकलून. कोकणातलं शेंबडं पोरही ही चूक करणार नाही. मडकं आडवं झालं, पाला निसटला, वाफ भसकन निघून गेली आणि अर्धकच्च्या शेंगा राखेत सांडल्या. फाटकापासची मंडळी धावत आली. "मास्तर, काय केलंत हो हे!" सगळे माझ्याकडे असे बघतायत, जणू मी कुणाचं घर पेटवलंय. व्याह्यांनी खाली वाकून एक शेंग उचलली, फुंकून राख उडवली, सोलली, दाणे तोंडात टाकले आणि करकर चावत म्हणाले, "अशीही छान लागते." मग सगळ्यांनी खाल्ल्या. मीही खाल्ल्या. वाल कच्चा होता, दुसऱ्या दिवशी पोट धरून बसलो.

ते गेले. निरोपाला मी गेलो नाही, आमची ही गेली. जाताना माझ्यासाठी एक पांढऱ्या कांद्याची माळ ठेवून गेले. आणि मग सुरू झाले फोन. मला वाटलं होतं, पंधरा दिवसांत कंटाळतील, हात टेकतील. कसचं काय! "व्याही, मजेत! इथे खालच्या मजल्यावर एकजण पेटी शिकतायत. इतकी भयंकर वाजवतात, ऐकायला या." "व्याही, आज बसमध्ये बसलो आणि शेवटच्या थांब्यापर्यंत नुसता जाऊन आलो. वाटेत एक बेकरी सापडली." "व्याही, बागेत चार म्हातारे जमवलेत. त्यातला एक तुमच्यासारखाच आहे, सारखा चिडतो. फार गोड माणूस." हे ऐकून मी फोन हिच्या हातात दिला. माझ्यासारखा! म्हणजे आता माझ्या जागी बदली मास्तर नेमला की काय? समुद्र सोडून गेलेला माणूस, जरा तरी कण्हावं, कुंथावं, आठवण काढावी? सगळीकडे आपला मजेत! मग आम्ही इथे काय नुसतेच होतो?

परवा अलिबागला दाताच्या डॉक्टरकडे गेलो होतो. परतीच्या एसटीत बसलो, नागावचा थांबा आला, आणि मी उतरलो नाही. का ते मला विचारू नका. कंडक्टरने वळून पाहिलं, मी रेवदंड्याचं तिकीट मागितलं. बंदरावर गेलो तर होड्या नुकत्या लागल्या होत्या. ओळखीचं कुणी नव्हतं. मासळी निवडत बसलेल्या एका कोळणीने मान वर केली. "तुमी त्या काकांचे याही ना? ते चिडके?" मी हो म्हटलं. काय करणार? "काकांना सांगा, बंदर सुनं झालंय. कोन इचारीत न्हाय आमाला." तिने बसायला टोपली पालथी घालून दिली. मी बसलो. भरती चढत होती. होडीवरच्या माणसांनी स्टोव्हवर चहा केला होता, त्यातला कपभर मलाही दिला, डॉक्टरांनी गरम घेऊ नका म्हणून बजावलं असताना मी तो प्यालो. पाणी धक्क्याला लागेपर्यंत तिथेच होतो. काही केलं नाही. नुसता बसलो आणि बरं वाटलं.

संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला. त्यांचं पेटीपुराण झाल्यावर म्हणाले, "तुमचं काय?" एरवी मी "चाललंय" म्हणतो. त्या दिवशी सगळं सांगितलं. एसटी, कोळीण, टोपली, चहा, भरती. तर व्याही म्हणाले, "एकटेच गेलात?"

"मग कुणाबरोबर जाणार?"

"मला न सांगता?"

"अहो, तुम्ही पुण्यात आहात!"

"म्हणून काय झालं? फोन करायचा तिथून. होडी कुठली होती? मासळी काय आली होती? बोंबील होते? वारा कुठला होता?" आवाज चांगलाच चढला होता. इतक्या वर्षांत हा माणूस माझ्यावर पहिल्यांदाच रागावला. मला बोंबील आठवेनात, वारा आठवेना. आठवलं ते फक्त एवढंच, की त्या धक्क्यावर माझ्या बाजूला कुणी बसलेलं नव्हतं. ते दिवसभर मनात आलं नव्हतं, ते आता आलं आणि तोंडातून निघून गेलं, "व्याही, मला तुमच्याशिवाय करमत नाही हो."

फोनमधून ती पेटी ऐकू येत होती, बेसूर.

"हे त्या दिवशी बोलायचं होतंत की," व्याही म्हणाले. "तुम्ही पाय, वय, डॉक्टर, सगळं बोललात. हे बोलला असतात तर थांबलो असतो."

हे मला आता सांगतायत!