चपला काढा, मग हात लावा

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तासगावात एका शीतगृहाच्या ऑफिसात बसले होते. बेदाण्याचा सौदा नुकताच संपला होता आणि दर वेबसाइटवर चढवायचे होते. अक्काचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "कुंदा, हे जेवून जरा आडवे झाले ते उठंनात. डॉक्टर येऊन गेले..." मी "निघते" म्हणाले, दर चढवले आणि मग गाडी काढली. नंतर हे कळल्यावर काही नातेवाइकांना विचित्र वाटलं. दाजींना वाटलं नसतं. दर न चढवता आले असते, तर त्यांनीच मला दारातून परत पाठवलं असतं.

दाजी तासगावचे. लहानपण चुलत्याच्या बेदाण्याच्या शेडवर गेलं, तरुणपण फौजेत, सिग्नलच्या तुकडीत. निवृत्त होऊन सांगलीला आले आणि वर्षभरात घरी बसून अक्काला नको नको करून सोडलं. मी तेव्हा एका कॉलेजात संगणक शिकवत होते आणि त्या नोकरीला कंटाळले होते. व्यापाऱ्यांना बेदाण्याचे रोजचे दर घरबसल्या दिसावेत, एवढी साधी वेबसाइट काढायची, असं आमचं दोघांचं ठरलं. त्यातून शीतगृहं आली, शाळा आल्या, पतसंस्था आल्या, आणि मेहुणी-दाजींचा तो धंदा झाला.

पहिला वाद झाला तो वेबसाइट ज्या मशीनवर चालणार, त्याचा मूळ कारभार कोणत्या प्रणालीकडे द्यायचा यावर. माझं म्हणणं, पैसे देऊन मोठ्या कंपनीची घ्यावी, म्हणजे बिघडलं तर फोन करायला कोणी तरी असतं. दाजींना फुकट मिळणारी लिनक्स हवी होती, आणि त्यातही कोणती, हे त्यांना घरी पारखून घ्यायचं होतं. त्यांनी दोन जुने संगणक आणून अक्काच्या स्वयंपाकघरात मांडले, दोन्हींवर लिनक्सचे दोन वेगळे प्रकार घातले, आणि चालत्या कामात मध्येच जाऊन त्यांची वायर ओढायला लागले. आपल्याकडे वीज कशी जाते हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. पडल्यावर नीट कोण उठतं, ते त्यांना बघायचं होतं. अक्का त्या संगणकांना सवती म्हणायची. "एका सवतीला निवडा आणि दुसरीला माहेरी धाडा," ती म्हणायची, "मला पोळपाट ठेवायला जागा राहिली न्हाई."

शेवटी त्यांनी निवडली ती डेबियन. दिसायला साधी, नवं काही लवकर न घेणारी. मी वैतागून विचारलं, "अहो दाजी, हिच्यात सगळंच जुनं. आणि हिचा मालक तरी कोण?"

"मालकच न्हाई, मग इकणार कोण?" ते म्हणाले. "आन् जुनं म्हंजे बाकीच्यांनी ठेचा खाऊन झालेलं. आपल्याला दर दाखवायचं हायत कुंदा, फॅशन न्हाई."

पुढे एका कंपनीने आपली लिनक्सची फुकटची आवृत्ती बंद केली आणि आमच्या ओळखीच्या दोघा-तिघांची धावपळ उडाली. मला वाटलं, दाजी आता मिरवणार. त्यांनी त्या सगळ्यांना चहाला बोलावलं आणि मशीन हलवायला मदत केली. मिरवलं ते मीच.

त्यांची एक सवय मात्र मला बरीच वर्षं झेपली नाही. बेदाण्याच्या शेडमध्ये माल पसरलेला असतो तिथे कोणी चपला घालून जात नाही. दाजींनी तोच नियम चालू सर्व्हरला, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या मशीनला, लावला. ऑफिसच्या दाराशी एक फळी होती. सर्व्हरवर काही बदल करायचा असला की आधी जाऊन चपला त्या फळीवर काढायच्या, मगच कीबोर्डला हात लावायचा.

"दाजी, मशीन पुण्यात आहे," मी म्हणायची.

"मशीन पुण्यात आसंल, पाय हितं हायत न्हवं?"

ते पट्ट्याच्या सँडल घालत. वाकायचं, एक पट्टा सोडायचा, दुसरा सोडायचा... यात वेळ जाई, आणि तो जावा हीच त्यांची इच्छा होती. एकदा अर्धा पट्टा सुटलेला असताना ते तसेच वाकलेले थांबले आणि म्हणाले, "आरारा, आपण खिडकी चुकीची उघडलीया." चाचणीच्या मशीनवरचं जुनं सगळं पुसायचं होतं, स्क्रीनवर उघडी होती ती सौद्याच्या मशीनची. त्यानंतर मी निमूटपणे चपला काढायला लागले.

ते गेल्यावर दिवसकार्य उरकलं आणि मी ऑफिस उघडलं. पहिला फोन तासगावच्या शीतगृहाच्या अण्णांचा. "ताई, राग मानू नका. दाजी व्हते तवर काळजी नव्हती. आता सगळं मोठ्या कंपनीकडं दिऊया का?" पुढचा सौदा होऊ द्या, मग बोलू, असं मी सांगितलं. अण्णांचं बघून बाकीचे ठरवणार, हे मला कळत होतं. त्याच आठवड्यात सुरक्षेची एक मोठी दुरुस्ती आली. ती लागू व्हायला मशीन बंद करून पुन्हा सुरू करावं लागतं. हे काम नेहमी दाजी करायचे.

मी ते पुढे ढकलत राहिले. भीती होती, मशीन उठलंच नाही तर अण्णा काय, कोणीच थांबणार नाही. पण कारण तेवढंच नव्हतं. आपण किती काळ अखंड चालू आहोत, हे विचारलं की मशीन सांगतं. ते शेवटचं सुरू केलं होतं दाजींनी. रोज सकाळी मी तो आकडा बघत होते, आणि तो वाढत होता... त्यांच्या हातचं काही तरी अजून चालू होतं. खरं तर असे आकडे मिरवणाऱ्यांची दाजी टर उडवायचे. "लय दिवस उठवलं न्हाई म्हंजे मशीन दांडगं न्हवं," ते म्हणायचे, "मालक आळशी हाय."

तेव्हा एका दुपारी, सौदा नसलेल्या दिवशी, मी उठले. फळीपाशी गेले, चपला काढल्या, खिडकी बरोबर आहे ना बघितलं आणि मशीनला बंद होऊन पुन्हा उठायला सांगितलं. मशीनला हाक मारत राहायची एक आज्ञा असते. ती चालू ठेवली. हाक जात होती, उत्तर येत नव्हतं. पंखा फिरत होता, खाली कोणी तरी स्कूटर सुरू करत होतं... मग उत्तर आलं. मशीन उठलं. त्याचा आकडा पुन्हा पहिल्यापासून वाढायला लागला, आणि तो माझ्या हातचा होता.

पुढच्या सौद्याला दर वेळेवर चढले. संध्याकाळी अण्णांचा फोन आला. "दिसत्यात की वो ताई दर," एवढंच म्हणाले. कंपनीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही.

दाजींच्या सँडल अक्काने गड्याला देऊन टाकल्या, ते बरंच केलं. फळी आता सगळी मोकळी आहे. मी मात्र अजून चपला तिच्या एका कडेलाच काढते.