बटणवाल्या काकू

गल्लीत सगळे त्यांना बटणवाल्या काकू म्हणत. नव्या माणसाला वाटे, शर्टाची बटणं विकत असतील, आणि काकूही तो गैरसमज मुद्दाम दूर करत नसत. त्यांचं बटण एकच, भिंतीवरचं, विजेचं. त्याच्या शेजारी एका बिनपाठीच्या स्टुलावर त्यांनी एकतीस वर्षं काढली होती.

काकूंचे यजमान रंगीत काचांची तावदानं बनवत, जुनी दुरुस्त करत. काचेचे तुकडे शिशाच्या पट्ट्यांमध्ये बसवायचे आणि पट्ट्या जिथे एकमेकींना मिळतात तिथे सोल्डरिंग आयर्नने कथलाचा थेंब वितळवून जोड द्यायचा, असं ते काम. आयर्न गार असलं की थेंब पसरत नाही, गोळा होऊन बसतो. फार तापलं की कथील राहतं बाजूला आणि शिशाच्या पट्टीलाच भोक पडतं. काकांचं आयर्न जुनं, दणकट आणि बिनडोक होतं. वीज मिळतेय तोवर तापत राहायचं, एवढंच त्याला ठाऊक. काकांचे दोन्ही हात कामात, म्हणून बटण काकूंकडे.

लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात काकांनी "जरा दोन दिवस बस" म्हणून त्यांना तिथे बसवलं होतं. ते दोन दिवस अजून संपलेले नाहीत, हे काकू पाहुण्यांना आवर्जून सांगत. काका दर दोन-तीन जोडांनंतर आयर्नचं टोक ओल्या स्पंजावर पुसत आणि त्या आवाजावर काकूंचा सगळा कारभार चाले. मऊ, सावकाश सुरसुर आली तर ठीक. कोरडं, तडतडतं "चर्र" आलं की बटण बंद. आवाज पार मरगळला की पुन्हा चालू. सुरुवातीला काका तोंडाने सांगत, पुढे त्याची गरज उरली नाही. भाजी निवडताना, लेकीचा अभ्यास घेताना काकूंचा हात वेळेवर बटणाकडे जाई. एकदा दोघांनी चार दिवस अबोला धरला होता, तेव्हाही एक जोड बिघडला नाही.

दोन वर्षांपूर्वी लेकीने नवं आयर्न आणून दिलं होतं. त्याला चकती होती. हवं ते तापमान लावलं की आयर्न तेवढ्यावरच थांबे. "मला कशाला? माझी चकती बसलीय की स्टुलावर," काका म्हणाले आणि ते खोक्यासकट कपाटावर टाकलं. काकूंना तेव्हा फार बरं वाटलं होतं.

मग एका वाचनालयाच्या जिन्यातलं मोठं तावदान दुरुस्तीला आलं. मधोमध निळा पक्षी. पहिल्या दिवशी दोन पट्ट्यांना भोकं पडली, दुसऱ्या दिवशी तीन. तिसऱ्या दिवशी पक्ष्याच्या पंखाची काच उष्णतेने तडकली.

काकांनी आयर्न खाली ठेवलं आणि उजवा हात उलटसुलट करून पाहिला.

"हात गेला माझा," ते म्हणाले. "जास्त वेळ टेकवतोय बहुतेक. मला कळतसुद्धा नाही."

खरं काय ते काकूंना माहीत होतं. गेले आठ महिने त्यांना स्पंजाचा आवाज येतच नव्हता. माणसांचं बोलणं ऐकू येई, दाराची कडी ऐकू येई, पण ती बारीक सुरसुर कुठे गेली कोण जाणे. त्या नुसत्या अंदाजाने बटण दाबत होत्या आणि लहानसहान कामांत अंदाज निभावून गेला होता. सांगितलं की खोकं खाली येणार आणि आपली या खोलीत काही गरज उरणार नाही, या भीतीने त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

पुढचा आठवडा वाईट गेला. काका आयर्नला शिवेनात. चहाचा कप दोन्ही हातांनी धरू लागले, का तर म्हणे हात कापतो. हात मुळीच कापत नव्हता. काकू समोर बसून ते बघत आणि गप्प राहत, आणि त्या गप्प राहण्याची त्यांना स्वतःचीच लाज वाटे. एके सकाळी काकांनी फोन उचलला.

"वाचनालयाच्या बाईंना सांगतो, दुसरा कारागीर बघा. आपणही आता आवरतं घेऊ."

"फोन ठेवा," काकू म्हणाल्या.

"का?"

"तुमच्या हाताला काही झालेलं नाही. माझे कान गेलेत. स्पंजाचा आवाज येत नाही मला. आठ महिने झाले."

काकांनी फोन खाली ठेवला. "आणि आठवडाभर मी इथे तोंड पाडून बसलोय, ते तू बघत होतीस?"

"हो. चुकलंच माझं."

काका चिडले, चांगलेच चिडले. खोलीत दोन फेऱ्या मारल्या. मग मध्येच थांबले.

"म्हणजे हात ठीक आहे?"

"ठणठणीत आहे. दोन हातांनी कप धरायचं नाटक तेवढं बंद करा."

काका मटकन स्टुलावर बसले आणि हसायला लागले, इतके की डोळे पुसावे लागले. काकूंना आठ महिन्यांनी पहिल्यांदा कडकडून भूक लागली.

कपाटावरचं खोकं त्यांनीच काढलं. चष्मा लावून त्या चकती फिरवू लागल्या आणि काका टाकाऊ पट्टीवर जोड देऊन बघू लागले. साडेचारशेला भोक पडलं. तीनशेला गोळा झाला. साडेतीनशेला कथील सपाट, चकचकीत पसरलं. काकूंनी तिथे नेलपॉलिशने खूण केली आणि आतल्या खोलीतली हाताची खुर्ची ओढत आणली. आता बटणाला चिकटून बसायचं कारण नव्हतं, खोली सोडायचं तर नव्हतंच. पाठ टेकल्यावर त्यांना वाटलं, हे खोकं दोन वर्षांपूर्वीच उघडायला हवं होतं.

काकांनी दुसरी निळी काच कापून बसवली. पंखाजवळच्या जोडावर आयर्न टेकवलं, उचललं. वाकून बराच वेळ निरखलं. मग टेबलाकडे तोंड ठेवूनच काहीतरी पुटपुटले.

"काय?" काकूंनी विचारलं.

काका वळले. सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलंच होतं, तोवर ओरडणं भाग होतं.

"हात ठीक आहे, म्हटलं!"

अर्ध्या गल्लीला ऐकू गेलं. काकूंना ते पहिल्या वेळीच ऐकू आलं होतं. पण तेवढं एक वाक्य त्यांना दोनदा ऐकायचं होतं.