गाभ्यातून आलेली लाट

भूकंपमापन केंद्राच्या निरीक्षकांना गल्ली तोंडावर तात्या म्हणे, पाठीमागे तापला तवा. त्यांच्या घराच्या तळघरातल्या भूकंपमापकाची सुई इतकी नाजूक, की जिन्यावर कुणी धावलं तरी कागदावर रेघ ओढायची. मग तात्या धावणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. त्यातच कचेरीने बजावलं होतं: तुमच्या नोंदी गचाळ, एक धड लाट मिळत नाही, केंद्र बंद करावं लागेल.

त्या दुपारी कचेरीचा फोन आला. पृथ्वीच्या थेट पलीकडच्या बाजूला मोठा भूकंप झाला होता. लाटेला इथे पोचायला वीसेक मिनिटं लागतात, त्यातली निम्मीच उरली होती. तिकडचं भूकवच, खालचं जाडजूड प्रावरण, वितळलेल्या लोखंडाचा बाह्यगाभा, मधोमध घट्ट अंतर्गाभा आणि पुन्हा तेच थर उलटे. एवढं ओलांडून उरणार फक्त कुजबुज. ती स्वच्छ उमटली, तर केंद्र वाचलं.

तात्यांनी पाण्याचा पंप बंद केला, बायकोला जिन्यावर बसवलं. "कुणी खाली उतरलं तर तंगडी मोडेन, सांग."

"सांगते. तुम्ही तेवढे ओरडू नका."

तेवढ्यात दारात मेहुण्याचा ट्रक येऊन घरघरू लागला. "दाजी, ताईचं कपाट आणलंय."

"आधी इंजिन बंद कर."

त्याने मुकाट्याने बंद केलं आणि तो शहाण्यासारखा बसून राहिला. विषय तिथेच मिटला असता. पण तात्यांचा राग किल्लीने बंद होणारा नव्हता. "तिकडे पृथ्वीच्या पोटातून लाट निघालीय आणि याला कपाट सुचतंय," म्हणत त्यांनी तळघराच्या दारातच पाय आपटायला सुरुवात केली. जिन्यावरून बायको ओठांवर बोट ठेवून खुणावत होती. त्या खुणांनी तात्या आणखी पेटले.

खाली जाऊन पाहतात तर लाट आलेली, आणि तिच्यावर काळंकुट्ट दातेरी रान माजलेलं. प्रत्येक दात म्हणजे तात्यांची एकेक टाच.

फोन वाजला. मेहुणा हळूच म्हणाला, "दाजी, ट्रकवर ढकला. इंजिन चालूच होतं म्हणतो मी."

"गप्प बस. ट्रक केव्हाच बंद होता." तात्यांनी फोन उचलला. "लाट आली, साहेब. मीच तिच्यावर नाचलो."

"म्हणजे?"

"म्हणजे पाय आपटले. माझे. काय बंद करायचं ते करा, पण कारण खरं लिहा."

तात्यांनी फोन ठेवला. मेहुणा कपाट उतरवायला वळला.

"अलगद," तात्या गुरगुरले. "मागून अजून लाटा यायच्यात."