पोटाला विचारणारा पैलवान

"कोनी उनं का, भाऊ?"

संध्याकाळी दिवेलागणीच्या सुमारास पैलवान दवाखान्याच्या दारात उभे राहायचे, आत यायचे नाहीत, आणि चौकटीला हात लावून हळू आवाजात एवढंच विचारायचे. कोणी आलं का, म्हणजे त्यांच्या हॉटेलात जेवून पोट बिघडलेलं कोणी आलं का. मी बाटलीला कागदाची पट्टी चिकटवता चिकटवता मान हलवायचो. "कोणी नाही, पैलवान. निवांत झोपा." मग त्यांच्या छातीतून लोहाराच्या भात्यासारखा श्वास बाहेर पडायचा आणि ते रस्ता ओलांडून परत जायचे.

मी जळगावात बसस्टँडमागच्या एका दवाखान्यात कंपाउंडर होतो, आणि समोरच पैलवानांचं हॉटेल होतं. हॉटेलाच्या पाटीवर कुठल्याशा देवीचं नाव होतं, पण ते कोणी वाचत नसे. रिक्षावाल्याला 'पैलवानाचं हॉटेल' म्हटलं की तो बरोबर दारात आणून सोडायचा. ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. त्या काळी आमच्या खानदेशात अंगातली रग उतरलेल्या पैलवानापुढे दोनच रस्ते असायचे. एक तर तालमीत पोरांना शिकवत बसायचं, नाही तर जत्रांतल्या कुस्त्यांच्या दंगलीत मिळवलेल्या इनामांतून हॉटेल काढायचं. पैलवानाच्या हॉटेलात साजूक, कसदार खायला मिळणार अशी लोकांची भाबडी समजूत असते, आणि धंदा तिच्यावरच चालतो. आमचे पैलवान मूळचे धुळ्याकडचे. अंग दारात मावत नसे, दोन्ही कान मातीत रगडून रगडून मोडलेले, आणि असा माणूस रोज संध्याकाळी शाळेतल्या पोरासारखा घाबरून माझ्या दारात उभा राहायचा.

गंमत अशी की ह्या हॉटेलमालकानं जन्मात दुसऱ्याच्या हॉटेलात पाण्याचा घोटही घेतलेला नव्हता. जत्रेत फिरणाऱ्या पैलवानांचा तो रिवाजच असतो. परक्या गावात कोणी प्रेमानं दुधाचा पेला पुढे केला, तरी घ्यायचा नाही. समोरच्या गड्याच्या माणसांनी त्यात काय घातलं असेल त्याचा नेम नसतो. स्वतःची चूल, स्वतःचं पीठ, स्वतःचा माणूस. पैलवान ह्याच शिस्तीत वाढले आणि म्हातारपणी त्यांच्या नशिबी काय आलं, तर परक्या माणसांना जेवू घालायचं!

सकाळी पातेली चुलीवरून उतरली की पैलवान भिंतीकडे तोंड करून बाकावर मांडी घालायचे. शेवभाजी, उडदाची डाळ, कळण्याची भाकरी, जे काही असेल त्यातलं थोडं थोडं (त्यांच्या मानानं थोडं, म्हणजे आपल्या घरच्या चौघांचं जेवण) ते आधी स्वतः खायचे. मग दोन्ही तळवे पोटावर ठेवून डोळे मिटायचे. बाहेर गिऱ्हाईक ओरडायचं, "अहो पैलवान, गाडी सुटेल माझी!" त्यावर डोळे न उघडता उत्तर यायचं, "पोटाले इचारू द्या."

हे विचारणं बराच वेळ चालायचं. चाळीसगावच्या बसचा एक कंडक्टर तर म्हणायचा, की पैलवानाचं पोट कोर्टापेक्षा सावकाश निकाल देतं. लोक हसायचे. मीही हसायचो. पण तुम्ही कधी खरोखर भ्यालेला माणूस जवळून पाहिला असेल, तर तुम्हाला कळेल, त्या मिटलेल्या पापण्या थरथरत असायच्या.

एकदा मी विचारलंच. "पैलवान, एवढ्या कुस्त्या केल्या, तेव्हा भीती नाही वाटली?"

"कुस्तीमा समोर एकच गडी ऱ्हास, भाऊ," ते म्हणाले. "आठे बठ्ठं गाव शे. आनि बठ्ठा मना भरोसावर तोंड उघाडतस." इथे सगळं गाव समोर, आणि सगळे त्यांच्याच भरवशावर तोंड उघडणार.

त्यांची ही भीती हळूहळू मलाही लागली. पोट धरून कोणी दवाखान्याची पायरी चढला की डॉक्टरसाहेबांच्या आधी मीच विचारायचो, "कुठे जेवलात?" तो 'घरी' म्हणाला की मला बरं वाटायचं. आजारी माणसाच्या बाबतीत बरं वाटणं काही चांगलं नाही, पण वाटायचं खरं. वर्षं अशीच गेली आणि कोणी आलं नाही.

मग एका मे महिन्यात आलं.

जळगावचा मे तुम्हाला सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. यावलकडचं एक कुटुंब मुलीच्या लग्नाचं सोनं घ्यायला आलं होतं. आई, वडील, आजी आणि नवरी मुलगी. खरेदी उरकून ते पैलवानांकडे जेवले. आमरसाचे दिवस होते. सकाळी काढलेल्या रसातला वाडगाभर रस पैलवानांनी रिवाजाप्रमाणे आधी स्वतः प्यायला होता, पोटाला विचारलं होतं, पोट 'चांगलं' म्हणालं होतं.

ऊन कलायच्या आत ते कुटुंब बसस्टँडवरून रिक्षातून थेट आमच्या दवाखान्यात आलं. आईवडिलांना मळमळत होतं, पण मुलीची अवस्था बघवत नव्हती. उलट्या थांबत नव्हत्या, डोळे खोल गेले होते आणि नव्या बांगड्या घातलेला हात बर्फासारखा गार पडला होता. मी नाडी धरली तर बोटांना लागेना. "कुठे जेवलात?" हे विचारायचं मला धैर्य झालं नाही. आजींनीच रस्त्यापलीकडे बोट दाखवलं.

पैलवानांनी ते बोट पाहिलं. ते आले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चौकट ओलांडून आत आले. मुलीला सलाइन लागलं होतं. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "हाई पोट खोटं बोलनं," ते पुटपुटले.

डॉक्टरसाहेब घामाघूम झाले होते आणि चिडलेही होते. "खोटं कशाला बोलेल?" ते म्हणाले. "पैलवान, तुमच्या पोटात धोंडा टाकला तरी त्याचं पीठ होईल. नासलेला रस तुम्हाला काय कळणार? असल्या पोटाला विचारून गावाला जेवू घालता होय? विचारायचंच असेल तर ह्याच्या पोटाला विचारा." हे शेवटचं त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं. माझं पोट साऱ्या गल्लीत प्रसिद्ध होतं. मला ताकसुद्धा बाधायचं.

पैलवान भिंतीला टेकून खाली बसले. आखाड्यात ज्यांची पाठ कोणी मातीला लावली नाही, ते त्या एका वाक्यानं चीत झाले. इतक्या वर्षांचा त्यांचा पहारा फुकट होता. ज्या शिपायाला त्यांनी दारावर उभं केलं होतं, त्याला चोर दिसतच नव्हता.

मुलीचं काय होईल ते कोणालाच माहीत नव्हतं. पैलवान आणि मी बाहेर पायरीवर बसलो. आतून आजींचं देवाला पुटपुटणं ऐकू येत होतं. मग पैलवान बोलायला लागले. त्यांना एक धाकटा भाऊ होता. अंगानं किरकोळ, माझ्यासारखाच. जत्रेत तो त्यांच्याबरोबर असायचा, आणि पैलवानांच्या पुढ्यात येणारं दूध आधी तो चाखायचा.

"पहिले तो पिये, मंग मी," पैलवान म्हणाले.

एका जत्रेत मानाच्या कुस्तीआधी असंच दूध आलं. भाऊ प्यायला, आणि थोड्या वेळानं म्हणाला, "तू पिऊ नको, माले मळमळ लागस." पैलवानांनी त्याला लिंबाखाली सावलीत झोपवलं. तेवढ्यात हलगी वाजली, नाव पुकारलं गेलं. जायचं की नाही? भाऊच म्हणाला, जा. पैलवान आखाड्यात उतरले, कुस्ती मारली, लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलं, डोक्यावर फेटा बांधला. लिंबाखाली परत येईपर्यंत भाऊ संपला होता. दुधात कोणी काही घातलं होतं, की उन्हानं ते नुसतंच नासलं होतं, हे कधीच कळलं नाही. इनामाचा तो फेटा त्यांनी भावाच्या अंगावर पांघरला.

"तवपासून पहिला घास मना," ते स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाले.

आम्ही दोघंही आतल्या आवाजाकडे कान लावून बसून राहिलो. एवढा मोठा देह माझ्या शेजारी अंग चोरून बसला होता, आणि मला वाटत होतं, आत काही वाईट झालं तर हा माणूस ह्या पायरीवरून उठणार नाही.

अंधार पडता पडता मुलीनं डोळे उघडले आणि पाणी मागितलं. तिच्या बापानं बाहेर येऊन सांगितलं तेव्हा पैलवानांनी चटकन त्याचे पाय धरले, आणि तो बिचारा संकोचून मागे सरकला. आजी नंतर म्हणाल्या, की आम्ही सराफाच्या दुकानासमोर बर्फाचे गोळेही खाल्ले होते, ते कदाचित बाधले असतील. मी ते पैलवानांना दोनदोनदा सांगितलं. त्यांच्या कानात ते शिरलं नाही.

दुसऱ्या दिवशी हॉटेल उघडलं, पण पैलवान बाकावर बसले नाहीत. एक वाटी झाकून घेऊन ते माझ्याकडे आले. वाटीत उडदाची डाळ होती. "डाक्टरसाहेब बरोबर सांगी ऱ्हायनात," ते म्हणाले. "तुमनं पोट हलकं शे. तुम्ही चाखा."

खरं सांगतो, मला भीती वाटली. वर्तमानपत्रात आपलं नाव येईल इथपर्यंत माझं मन धावलं. पण समोरच्या माणसाचे डोळे पाहून नाही म्हणवेना. मी बोट बुडवलं आणि तोंडाकडे नेलं. त्याच क्षणी माझ्या मनगटावर त्यांची पकड बसली. काय पकड होती! हाताला मुंग्या आल्या. वाटी हिसकावून त्यांनी बाहेर गटारात पालथी केली.

"नही भाऊ," ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "एक भाऊले चाखाले लावं, तो गया. आते दुसरा नही."

त्याच महिन्यात त्यांनी हॉटेल एका मारवाडी व्यापाऱ्याला दिलं आणि ते धुळ्याकडे आपल्या गावी निघून गेले. तिथे त्यांनी कापडाचं दुकान काढलं. कापड खाऊन कोणी मरत नाही, असं डॉक्टरसाहेब म्हणाले. मला मात्र संध्याकाळी उगाच दाराकडे बघायची सवय लागून राहिली.

पुढे बऱ्याच वर्षांनी, नव्वद साल उलटून गेल्यावर, एका लग्नासाठी मी धुळ्याला गेलो आणि वाट वाकडी करून त्यांच्या गावी पोचलो. ओट्यावर खाटेवर एक हाडकुळा म्हातारा बसला होता. मोडलेल्या कानांवरून मी ओळखलं. पोटातच काहीतरी धरलं होतं, अल्सर का काय म्हणत होते. भाताच्या पेजेपलीकडे काही चालत नव्हतं. धोंड्याचं पीठ करणारं ते पोट आता पेजेलाही कुरकुरत होतं.

मला पाहून ते हरखले. सुनेला हाक मारून ताट करायला लावलं. ताट आलं, लालभडक तर्रीची शेवभाजी आणि भाकरी. मी घास मोडणार तोच पैलवानांचा हात पुढे आला. त्यांनी माझ्या भाकरीचा तुकडा मोडला, तर्रीत बुडवला आणि तोंडात टाकला.

"बाबा!" सून किंचाळली. मीही उठलो. त्यांचं मनगट धरायला हवं होतं, ते आता माझ्याही हातात मावलं असतं. पण त्यांनी डोळे मिटले होते, दोन्ही तळवे पोटावर ठेवले होते.

"पोटाले इचारू द्या."

आम्ही दोघं श्वास रोखून उभे राहिलो. त्यांच्या कपाळावर घाम आला. कितीतरी वेळानं त्यांनी डोळे उघडले, आणि इतक्या वर्षांत मी त्यांना प्रथमच निर्धास्त हसताना पाहिलं. "आते हाई पोट खरं सांगस," ते म्हणाले. "खा भाऊ. चांगलं शे."

मी जेवलो. मला तिखट सोसत नाही, तरी ताटात काही टाकलं नाही.

महिना झाला नसेल, त्यांच्या गावाकडच्या एका बसवाल्यानं निरोप आणला, पैलवान गेले. ऐकताच मी धुळ्याची बस धरली. तो एक घास. धुळ्यापर्यंत बसमध्ये मी तेच घोकत होतो, त्या घासानं तर नाही ना? सुनेला कसं विचारायचं ह्याची जुळवाजुळव करत मी त्या ओट्याशी पोचलो. खाट भिंतीला उभी करून ठेवली होती.

मी तोंड उघडायच्या आत तिनंच विचारलं. "भाऊ, तुमले त्या दिवशी काही तरास नही व्हयना ना?"

"मला? नाही. का हो?"

"बाबा घोर लाईसन बसेल व्हतात," ती पदर डोळ्याला लावून म्हणाली. "तिखट व्हतं, भाऊनं पोट हलकं शे, म्हनेत. शेवटपावत रोज दिवा लावाना येळले इचारेत, जळगावथीन कोनी उनं का?"

माझा प्रश्न माझ्यापाशीच राहिला. मी त्या उभ्या खाटेजवळ गेलो, तिच्या चौकटीला हात लावला.

"कोणी नाही, पैलवान," मी म्हणालो. "निवांत झोपा."