आगळातलं पातं

माझ्या हाताखालून गेलेलं भांडं चमकलं नाही तर मला चैन पडत नाही. माहेरी मला याबद्दल शाबासकी मिळायची, सासरी बोलणी मिळाली. त्यावर मी गप्प बसणारी नव्हेच. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, त्यातली चोवीस मी काही ना काही घासत आणि तोंडाचा पट्टा चालवत काढली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

माझे यजमान सुतार. मालगुंडच्या रस्त्याला घराला लागूनच आमची पत्र्याची शेड आहे, तिला ते कारखाना म्हणतात. एक लोखंडी टेबल, त्याच्या मधल्या फटीतून वर आलेलं गोल करवतीचं पातं, खाली मोटर, कोपऱ्यात रंधा मशीन आणि भिंतीला टेकवलेल्या फळ्या. मी कधी तिला कारखाना म्हटलं नाही. पण आसपासच्या वाड्यांतली दारं-चौकटी, देव्हारे, पाट तिथूनच गेले.

आमच्याकडे लाकूड म्हणजे बहुतेक फणस. दिसायला पिवळं, देखणं, पण चीक सोडणारं. चिरताना पातं तापतं, चीक जळतो आणि दातांच्या मुळाशी काळा, डिंकासारखा थर बसतो. मग लाकूड करपायला लागतं, मोटर कण्हते. लोकांना वाटतं धार गेली. हे म्हणायचे, निम्मी पाती बोथट नसतात, नुसती मळलेली असतात. दर आठ-पंधरा दिवसांनी ते पातं उतरवायचे. आधी प्लग काढायचा आणि वायर टेबलावर डोळ्यांसमोर ठेवायची. मग नट सोडवायचा. पूर्वी रेशनवर रॉकेल मिळायचं तेव्हा एका बुडीत काम व्हायचं. रॉकेल बंद झालं तसा धुण्याचा सोडा आला. प्लास्टिकच्या टोपात कढत पाणी, मूठभर सोडा, पाव तासाने जुन्या दातांच्या ब्रशने एकेक दात मागून पुढे घासायचा. तारेचा ब्रश लावायचा नाही. कोरड्या फडक्याने पुसायचं, उन्हाला धरायचं, बोटभर तेल फिरवायचं. हे शेवटचं काम हळूहळू माझ्याकडे आलं, मग घासणंही आलं.

पण एक काम त्यांनी कधी माझ्याकडे दिलं नाही. पातं धुऊन झालं की मधल्या भोकात बोट घालून ते कानाजवळ लोंबतं धरायचे आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेकडेने टिचक्या मारत जायचे. पातं चांगलं असलं की टण्ण करून घुमतं, बराच वेळ. कुठे बारीक चीर असली, दात हललेला असला, की आवाज बद्द येतो. कारण दात पात्याचे नसतात. ते वेगळ्या कडक धातूचे, तुरीच्या डाळीएवढे, डाख देऊन एकेक चिकटवलेले असतात. डाख म्हणजे दोन धातू जोडायला वितळवून ओततात तो. हे मला त्यांनी सांगितलेलं होतं. एकदा नाही, दहादा. मी त्यांना वैद्यबुवा म्हणायची. पात्याची नाडी बघून झाली का, औषध काय दिलंत, पथ्य काय, असं चालायचं माझं. ते हसायचे आणि पुढची टिचकी मारायचे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नवरात्र होतं. खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा असते. रंधे, पटाशा, हातोड्या, सगळं पाटावर मांडायचं आणि मधोमध पातं. त्या दिवशी मशीन बंद. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पातं परत चढवायचं आणि मुहूर्ताची एक फळी चिरायची.

सोड्याने पात्याचा चीक जायचा, पण ते काळपटच राहायचं. देवापुढे तांब्यापितळेची भांडी लखलखताहेत आणि मध्ये हे काळं तोंड, हे मला वर्षानुवर्षं खुपत होतं. सप्तमीला फडताळ आवरताना गेल्या वर्षीच्या आगळाची बाटली सापडली. कोकमाचं खारट आगळ, सोलकढीला घालतो ते. वर बुरशी आली होती. टाकून कसं द्यायचं? आमच्याकडे असलं आगळ भांड्यांनाच जातं. काळं पडलेलं तांबं त्यात ठेवलं की नव्यासारखं निघतं. माझ्या आईचं तांब्याचं घंगाळ तसंही घासायचं होतं. घंगाळात आगळ ओतलं, पाणी घातलं, वर आणखी मूठभर मीठ, आणि पातं त्यातच बुडवलं. एका कामात दोन कामं म्हणून मी स्वतःवर खूश झाले. यांना सांगितलं नाही. पूजेला बघून थक्क होतील, असं मनात होतं.

मग फुलोरा, सवाष्णी, माळा यांच्या गडबडीत पातं विसरले. आठवण झाली ती नवमीला सकाळी. दोन दिवस ते त्या आंबट पाण्यात होतं. पाणी काळंजांभळं झालं होतं. बाहेर काढून राखेने घासलं, आणि काय सांगू, आरशासारखं निघालं. दातांच्या मुळाशी तेवढी थोडी लाली राहिली, ती ब्रशनेही जाईना. त्यावर हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. यांनी पाटावरचं पातं बघितलं आणि म्हणाले, "नवीन आणलंस की काय?" मला केवढा आनंद झाला तेव्हा.

दसऱ्याला सकाळी ते पातं चढवायला गेले. मी प्रसादाची ताटली घेऊन शेडच्या दाराशी उभी. घरात पुरण शिजत होतं, सोनं द्यायला माणसं येणार होती, माझा जीव वरखाली होत होता. त्यांनी नेहमीप्रमाणे पात्यात बोट घातलं, ते कानाशी नेलं आणि दुसऱ्या हाताने स्क्रू-ड्रायव्हर शोधायला लागले. तेव्हा मी बोलले. शब्द मला पाठ आहेत.

"पूजा झालेल्या पात्याची कसली नाडी बघताय? कुंकू सांडेल. बसवा नि या जेवायला."

ते जरा थांबले. पात्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मग टिचकी न मारताच पातं चढवून नट आवळला. डोळ्यांना जपायला घालायचा जाड काचेचा चष्मा खुंटीवर होता. ऑक्टोबरच्या उकाड्यात त्याच्यावर वाफ धरते म्हणून ते तो पुष्कळदा घालत नसत. मोटर सुरू झाली. फणसाची फळी पुढे सरकली. वीतभर चिरली असेल नसेल, बंदुकीसारखा एक आवाज झाला आणि हे दोन्ही हात तोंडावर घेऊन खाली बसले.

मी धावले ते ओरडतच. आणि ओरडले काय? चष्मा का नाही घातलात. त्यांच्या बोटांतून रक्त येत होतं आणि मी त्यांना चष्म्यावरून बोलत होते. शेजाऱ्याच्या गाडीतून रत्नागिरीला नेईपर्यंत मी तेच म्हणत होते. मला थांबताच येईना. ते एकदाच म्हणाले, मोटर बंद केलीस का.

रत्नागिरीहून कोल्हापूरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून शांतपणे सांगितलं, "डोळा राहील. नजर राहणार नाही." मी मान हलवली. त्या दोन वाक्यांचा अर्थ मला लागला तो बाकड्यावर येऊन बसल्यावर.

घरी आल्यावर, हे झोपलेले असताना, मी शेडमध्ये जाऊन ती फळी तपासली. चिरलेल्या जागी बोट फिरवलं, सुईने टोचून बघितलं. मला खिळा हवा होता. जुन्या लाकडात खिळा असतो, पात्याला लागतो, दात उडतो, असं किती जणांचं झालेलं आहे. फळी स्वच्छ होती. तरी जो भेटायला आला त्याला मी सांगितलं, खिळा लागला. इतक्यांदा सांगितलं की खिळ्याची लांबीसुद्धा माझ्या मनात ठरून गेली.

महिन्याभराने हे म्हणाले, पात्याला दात बसवून आणू. मी नको म्हटलं, नवीन घ्या म्हटलं. पण ते ऐकेनात, म्हणून बरोबर गेले. त्यांना एकट्याला एस्टीच्या पायरीचा नीट अंदाज येत नव्हता. रत्नागिरीच्या बाजारात धार लावणारे एक चाचा आहेत. बारा वर्षं दुबईत मशीनवर काम करून परत आलेले, भला माणूस. त्यांनी पातं दिव्याखाली धरलं, भिंग लावलं, आणखी दोन दातांवर नखाने दाब दिला. एक दात टपकन त्यांच्या तळहातावर पडला.

"हा तुटलेला नाही, सुटलेला आहे," चाचा म्हणाले. "डाख खाल्लाय कशाने तरी. वहिनी, पातं कशात ठेवलं होतं?"

मी म्हटलं, सोड्यात, नेहमीसारखं. आणि खिळाही लागला होता. चाचांनी माझ्याकडे बघितलं, मग यांच्याकडे. हे म्हणाले, खिळाच असेल. चाचांनी पातं कागदात गुंडाळून परत दिलं आणि हे आता मशीनला लावू नका एवढं सांगितलं. येताना एस्टीत मी खिडकीबाहेर बघत होते.

एका डोळ्याने माणूस चालतो, जेवतो, हसतो. पण त्याला लांबी कळत नाही. चहा ओतताना कपाच्या कडेला पडायचा. हातोडी खिळ्याच्या बाजूला बसायची. पंचवीस वर्षं केसाएवढी चूक न करणारा माणूस फळीवर पेन्सिलची रेघ मारून ती बरोबर आहे का, असं मला विचारायला लागला. मला त्यांच्यावर ओरडायची सवय, पण आता तोंड उघडलं की आगळाचाच आंबूसपणा यायचा. गप्प राहायला मी अशी शिकले. लोक म्हणाले, हिने किती सोसलं, किती शांत झाली.

हळूहळू मशीनवर मी उभी राहिले. ते बाजूला बसून सांगायचे, मी फळी सरकवायची. पातं मीच उतरवायची, मीच सोड्यात घालायची, पाव तास घड्याळ लावून. टिचक्या मात्र तेच मारायचे. कानाला दोन डोळे लागत नाहीत, असं एकदा म्हणाले. मला रडू आवरलं नाही. त्यांना वाटलं डोळ्यात भुसा गेला.

यंदा खंडेनवमीला मी पातं पाटावर ठेवलं, काळपट, जसं आहे तसं. घंगाळ केव्हाच माळ्यावर टाकलंय. दसऱ्याला सकाळी हे स्टुलावर बसले, बोटावर पातं लोंबतं घेतलं. मी चष्मा पुसत उभी होते. आणि काय झालं कोण जाणे, तीन वर्षं दडवलेलं बाहेर आलं.

"खिळा नव्हता," मी म्हटलं. "पातं मी आगळात घातलं होतं. दोन दिवस."

त्यांनी पातं खाली घेतलं नाही. चांगला डोळा माझ्याकडे वळवायला त्यांना सगळी मान फिरवावी लागते, तशी फिरवली.

"ठाऊक आहे गो मला," ते म्हणाले. "चढवतानाच मुळाशी डाख लाल पडलेला दिसला होता. आंबूस वासही येत होता."

मला आधी कळेचना. मी म्हटलं, मग बसवलंत का? एक शब्द बोलायचात. उतरवून ठेवायचंत.

"बोललो असतो तर तू सणाच्या दिवशी तोंड सोडलं असतंस," ते म्हणाले. रागाने नाही. पाऊस आला असता तर कपडे भिजले असते, अशा आवाजात. "म्हटलं, जाऊ दे. एकच फळी तर चिरायची आहे."

मग त्यांनी पातं पुन्हा कानाशी नेलं आणि स्क्रू-ड्रायव्हरची मूठ उचलली. पहिल्यांदा अंदाज चुकला, मूठ हवेतूनच गेली. मी पुढे होऊन त्यांचं मनगट धरलं आणि पात्याच्या कडेला आणलं.