वाळल्यावर ओळखू येणारी विष्णुक्रांता

दिंद्रुडच्या बाजारपेठेत महारुद्रअप्पांचं किराणा आणि काष्ठौषधीचं दुकान आहे. मुळ्या, साली, वाळलेला पाला. पोत्यात हात घालायचा, वास घ्यायचा, चिमूटभर चावायचं, की अप्पा मालाचं नाव सांगतात आणि सहसा चुकत नाहीत. जिवंत झाडांशी मात्र त्यांची ओळख कधी झालीच नव्हती. हे त्यांच्याही ध्यानात आलं नव्हतं. म्हणून मुलगी रुद्राणी अंबाजोगाईच्या कॉलेजातून सुट्टीला आली आणि म्हणाली, "सोमवारी कॉलेजात विष्णुक्रांतेचं रोप जमा करायचंय, फुलासकट," तेव्हा ते गादीवरून न उठता म्हणाले, "एवढंच? बापानं जन्मभर तीच इकली."

दुपारी दुकान बंद करून अप्पा माळावर गेले. माळ हिरवागार होता आणि सगळं एकसारखं दिसत होतं. संशय येईल ते उपटून त्यांनी पिशवी भरली.

"यात कुठली?" रुद्राणीनं विचारलं.

"वली हाय आजून. वाळू दे, मग सांगतो."

पत्र्यावर वाळत घातलेला पाला बघून अप्पांच्या बायको गंगासागरबाई म्हणाल्या, "आवं, पोरीला कॉलेजात द्यायचंय का गिऱ्हाइकाला?" अप्पांनी ऐकलं नाही. शनिवारी त्यांनी एक काडी चावली आणि चेहरा खुलला.

"हीच. डोळे झाकून सांगतो."

"पण फूल कुठंय, अप्पा?"

"हिला फूल असतंय?"

रुद्राणी हसली नाही, तेच त्यांना लागलं. "सकाळी उमलतं, दुपारी मिटतं," ती म्हणाली. "तुम्ही गेलता कवा?"

आमच्या अप्पांना सगळी झाडं कळतात, असं ही पोर शाळेपासून मैत्रिणींना सांगत आली होती. अप्पांनी ते कधी खोडून काढलं नव्हतं. फुकट मिळालेला मान परत करायची पद्धत त्यांच्या धंद्यात नव्हती.

रविवारी, ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी, दुकानाला कुलूप लावून बापलेक माळावर गेले. जमिनीलगत जिकडेतिकडे नखाएवढी निळी फुलं उमलली होती.

"अप्पा, पाय उचला," रुद्राणी म्हणाली.

त्यांच्या चपलेखालचं सोडून शेजारचं रोप तिनं मुळासकट काढलं आणि वर्तमानपत्राच्या घडीत दाबलं. "सोबतच्या चिठ्ठीवर गोळा करणाऱ्याचं आणि ओळखणाऱ्याचं नाव लागतं. ओळखणाऱ्यात तुमचं टाकू?"

अप्पांना मोह झाला. लई झाला.

"तुजंच टाक," ते म्हणाले. "माजं गोळा करणाऱ्यात टाक." मग रोपही तिनंच काढलं होतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. "न्हाईतर तेबी राहू दे. मी निस्ता पाय उचलला."