सूप घेऊन दवाखान्यात

रंभाबाईची तक्रार ऐकली नाही असं माणूस आंधळगावात शोधून सापडलं नसतं. एसटी उशिरा आली की ती कंडक्टरला धरायची, आणि वेळेवर आली की ड्रायव्हरला, "एवढी घाई कायची हाय तुले?" म्हणून. तिचा नवरा यादोराव दिवसभर धानाच्या बांधीत असायचा. शेतीच्या आवडीनं तो तिथे असतो असं तो सांगायचा, पण गाव काही ते मानत नव्हतं. मनानं मात्र बाई साफ होती. भांडली की तासाभरात त्याच घरी चहाला जायची, आणि चहा पातळ आहे म्हणायची.

बिड्या वळण्यात तिचा हात कुणी धरत नसे. बाराव्या वर्षी तिनं मांडीवर सूप घेतलं ते पन्नाशी आली तरी खाली ठेवलं नव्हतं. तेंदूचं पान पत्र्याच्या फर्म्यावर ठेवून कापायचं, सुपातली चिमूटभर तंबाखू त्यावर पसरायची, वळायचं, दोऱ्याचे दोन वेढे द्यायचे आणि तोंड मोडायचं. बोलता बोलता, भांडता भांडता हे सगळं तिच्या बोटांतून होऊन जायचं.

तिच्याच ओसरीवर शेजारची शकुनबाई तिच्याबरोबर बसायची. वयानं दहा वर्षांनी लहान, अबोल आणि डावखुरी. पंचवीस पंचवीस बिड्यांचे कट्टे बांधायचं काम रंभाबाईला कंटाळवाणं वाटे, म्हणून दोघींचेही कट्टे शकुनबाईच बांधायची. त्यात तिचा बराच वेळ जाई आणि बिड्या कमी भरत. त्यावरून रंभाबाई तिला रोज टोमणे मारायची.

"काय वं शकून, हात हायेत का पाय? माह्या हजार झाल्या, तू अजून सातशेवरच बसून राहिली."

"होतेत बाई, होतेत," म्हणून शकुनबाई मान खाली घालून हसायची. तिला कधी राग येतो की नाही, हेच रंभाबाईला कळत नसे, आणि त्याचीही तिला तक्रार होती.

ब्याऐंशी साली दिवाळीनंतर शकुनबाई मुलीच्या बाळंतपणासाठी एकोडीला गेली. रंभाबाईनं पहिल्यांदाच आपले कट्टे आपण बांधले आणि कारखान्यात नेले. कारखाना म्हणजे ठेकेदाराची दोन खोल्यांची जागा. तिथे केवळराम नावाचा तपासनीस बसायचा. त्यानं एक कट्टा उचलला, सोडला आणि बिड्या बाजूला टाकायला लागला. एक, दोन, सात, अकरा. दोरा ढिला, तोंड उघडं, तंबाखू सांडते. छाट, म्हणजे नापास, म्हणून त्यानं त्या मोडून टोपलीत टाकल्या.

"डोळे फुटले काय तुहे?" रंभाबाई ओरडली. "अडतीस वर्षं झाली मले बिड्या वळून!"

दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्या दिवशीही. केवळराम तिच्यावर डूख धरून आहे, असं तिनं अख्ख्या गावाला सांगितलं. आठव्या दिवशी केवळराम हळू आवाजात म्हणाला, "बाई, मी काई तुमचा दुश्मन नोहो. पण या महिन्यात असंच राहिलं तर मालक तुमचं नाव काटन. नाव काटलं का बिडी कामगाराचं सरकारी कार्डही गेलं."

रंभाबाई त्या दिवशी भांडली नाही. घरी येऊन ओसरीवर बसली आणि सुईत दोरा ओवून पाहिला. ओवला गेला नाही. खरं सांगायचं तर दोन वर्षांपासून तिला दोरा धूसर दिसत होता. बोटांना सवय होती म्हणून काम चाललं होतं, आणि हे तिनं यादोरावालाही सांगितलं नव्हतं. जगाच्या तक्रारी करणारी ही बाई, स्वतःच्या डोळ्यांची तक्रार करायला घाबरत होती. बिड्या सुटल्या तर रंभाबाई म्हणून गावात काय उरणार, या विचारानं तिला रडूच आलं.

पण रडत बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. कार्ड घेऊन ती बिडी कामगारांच्या सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या डॉक्टरनं सांगितलं की योजनेत डोळ्यांची तपासणी आणि चष्मा बसतो, पण इथे डोळ्यांचा डॉक्टर नाही. भंडाऱ्याच्या एका खाजगी दवाखान्याशी सरकारनं ठरवलेलं आहे, तिथे जा. त्यानं चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी त्या महिनाअखेरपर्यंतच चालणार होती.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात ताराचंद नावाचा कंपाउंडर होता. केस तेल लावून चापून बसवलेले, आणि माणसाकडे बघायच्या आधी त्याच्या चपलेकडे बघायची सवय. कार्ड पाहून त्यानं बोट दाखवलं, "कार्डवाले तिकडे बसा." तिकडे म्हणजे चपला काढायच्या जागेजवळच्या बाकावर. पंख्याखालच्या खुर्च्या फी देणाऱ्यांच्या. रंभाबाई सकाळी दहाला बसली ती चारपर्यंत. मग ताराचंद म्हणाला, साहेब उठले. चार दिवसांनी ती पुन्हा गेली तर म्हणाला, कार्डवाल्यांचा दिवस गुरुवार. बाकावर लाखांदूरकडची एक म्हातारी होती. ती म्हणाली, "पोरी, मी तीन गुरुवारपासून येऊन राहिली. गुरुवारी म्हणते का साहेब नागपूरले गेले, म्हणून आज आली."

महिनाअखेरला पाच दिवस राहिले होते. रंभाबाई गावातल्या आणखी दोघी कार्डवाल्यांना घेऊन गुरुवारी निघाली, तिघीही काखेत सूप मारूनच. त्यात काही डाव नव्हता, हे तिच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. दोन दिवस फुकट गेले होते, तिसरा तरी जाऊ नये एवढाच तिचा हिशोब. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "बाई, लग्नाले चाललात काय सूप घेऊन?" "डोळे दाखवाले चालली," असं तिनं सांगितल्यावर त्यानं पुढे काही विचारलं नाही.

ताराचंदनं बाकाकडे बोट दाखवलं. लाखांदूरकडची म्हातारी आजही तिथेच होती. तिघी बसल्या, सुपं मांडीवर घेतली आणि कामाला लागल्या. ताराचंद हसला. थोड्या वेळानं फी देणारी एक श्रीमंत मंडळी आली, म्हणून त्यानं पंखा जोरात केला.

आधी त्या मंडळींतल्या आजोबांना शिंक आली. मग त्यांच्या सुनेला. मग ताराचंदला, एकापाठोपाठ पाच. तिन्ही सुपांतली बारीक तंबाखू पंख्याच्या वाऱ्यानं पडद्याखालून आत गेली होती. आत अंधाऱ्या खोलीत डॉक्टर एका माणसाच्या डोळ्यात बॅटरी मारून बघत होते. तो शिंकला, त्याच्या कपाळावर डॉक्टर शिंकले, आणि बॅटरी खाली पडली.

डॉक्टर रुमाल नाकाला लावून बाहेर आले. "हा दवाखाना आहे की कारखाना? आधी बाहेर व्हा!"

"बाहेर होतो ना साहेब," रंभाबाई उठून उभी राहिली. "आत घ्या, म्हणजे बाहेर होतो. तीन खेपा झाल्या माह्या. या बुढीच्या पाच. तुमचा हा ताराचंद आमाले चपलांपाशी बसवते, आन् चार वाजले का साहेब उठले म्हणते. सरकारनं कार्ड दिलं, तुमी हो म्हणून सही केली. मंग आमचे डोळे काय फुकटचे हायेत?"

डॉक्टरांना उत्तर द्यायचं होतं, पण त्यांना शिंक आली. दुसरी आली. फी देणारे आजोबा डोळे पुसत म्हणाले, "डॉक्टर, आधी यांना घ्या हो. नाहीतर आम्ही शिंकूनच मरू." सगळी खोली हसली. डॉक्टरांनाही हसू आवरेना. मग जरा ओशाळून ते म्हणाले, "सहा महिने झाले, कार्डवाल्यांचे पैसे मागितले तर सरकारकडून एक कागद परत आला नाही. म्हणून मीही लक्ष दिलं नाही. चुकलं माझं. या."

"मंग त्याची तक्रार सरकारकडे करा," रंभाबाई म्हणाली. "कशी करावी ते मले इचारा."

आत भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता. रंभाबाईला अक्षर येत नव्हतं. "साहेब, हे राहू द्या," म्हणून तिनं आताच वळलेली एक बिडी कनवटीतून काढली आणि हातात धरली. डॉक्टर एकेक काच बदलत गेले. पाचव्या काचेला रंभाबाईला बिडी स्वच्छ दिसली. दोरा एका बाजूला घसरलेला, तोंड अर्धवट मोडलेलं, पानाची कड उसवलेली.

"हे कोनाची हाय?" तिनं विचारलं.

"तुमचीच. आताच तुम्ही काढलीत."

केवळराम खोटं बोलत नव्हता तर. परत येताना एसटीत ती कुणाशी भांडली नाही. बरोबरच्या दोघींना वाटलं, बाईला ताप चढला असावा.

चष्मा पंधरा दिवसांनी मिळणार होता. तोवर शकुनबाई एकोडीहून आली, पूर्वीसारखी ओसरीवर बसून दोघींचे कट्टे बांधायला लागली, आणि त्याच दिवसापासून रंभाबाईच्या छाट बिड्या बंद झाल्या. चष्मा अजून आलाही नव्हता. "दवाखान्यातली गोष्ट ऐकून केवळराम घाबरला," असं रंभाबाईनं स्वतःची समजूत घालून घेतली.

मग चष्मा आला. जाड काळ्या काड्यांचा, नाकावर जरासा तिरपा बसणारा. रंभाबाईनं कारखान्यात नेण्यासाठी ठेवलेला आपला एक कट्टा उचलला आणि एकेक बिडी निरखली. पंचवीसपैकी दहा बिड्यांवर दोऱ्याचे वेढे उलटे फिरलेले होते. तिनं दुसरा कट्टा पाहिला. त्यातही तसंच. आंधळगावात उलटा दोरा देणारा हात एकच होता.

समोर शकुनबाई मान खाली घालून कट्टा बांधत होती. बांधता बांधता तिनं रंभाबाईच्या सुपातली एक बिडी घेतली, ढिला दोरा सोडला, डाव्या हातानं नवा दिला आणि ती कट्ट्यात सारली. इतकं सहज की रोजचंच काम असावं.

"कधीपासून करून राहिली हे?"

शकुनबाई दचकली. वर पाहून म्हणाली, "झाली असतीन दोन वर्षं."

"आन् मी तुले रोज हात का पाय म्हनत होती! सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तुमी ऐकलं असतं काय बाई? भांडल्या असत्या, आन् उद्यापासून एकल्याच बसल्या असत्या. मंग मी कोनाजवळ बसली असती?"

रंभाबाईच्या चष्म्याच्या काचा ओल्या झाल्या. तिनं चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला, आणि मग तिला शकुनबाईचे डोळे दिसले. लाल, चुरचुरणारे, दोऱ्यावर बारीक करून रोखलेले. दुसरीच्या बिड्या उसवून उसवून तेही थकले होते. इतकी वर्षं समोर बसून तिनं ते पाहिले नव्हते.

"सूप ठेव खाली," ती म्हणाली. "आजपासून दोघींचे कट्टे मी बांधीन. आन् गुरुवारी कार्ड घेऊन चाल माह्यासंगं."

गुरुवारी दोघी भंडाऱ्याला गेल्या. रंभाबाईच्या काखेत सूप होतं, या वेळी मुद्दाम. ताराचंदनं दारातूनच ते पाहिलं, धावत जाऊन आधी पंखा बंद केला आणि पडदा वर धरून उभा राहिला.

"या बाई, या. सिध्या आत."

"मी नाही रे," रंभाबाई म्हणाली, आणि शकुनबाईला पुढे करून स्वतः पंख्याखालच्या खुर्चीत बसली. "ही हाय पेशंट. नीट पाह्य तिच्याकडे. माह्यापरीस चांगल्या बिड्या वळते."